आधी पाणी, मग कात्री

"कापडाला तहान असते रे पोरांनो. आधी पाणी पाजा, मग कात्री लावा. तहानेलं कापड कापलंत, तर ते पुढे सूड घेतं."

नाना जाऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांचा चेहरा आता भिंतीवरच्या फोटोपुरताच उरला होता. आवाज मात्र या खोलीतून हलला नव्हता. कापणीच्या टेबलाच्या लाकडात तो मुरला होता आणि इस्त्रीच्या वाफेबरोबर मधूनच वर यायचा. आज दुपारी मास्तरला तो ऐकू आला, तेव्हा उशीर झाला होता.

मास्तरसमोर काळ्या लोकरी कापडाचा कोट होता, बँडवाल्यांच्या ऑर्डरमधला. ओलं फडकं पसरून त्याने जड इस्त्री टेकवली. वाफ फुसफुसली, आणि गोगलगाईने शिंगं आत घ्यावीत तशी बाही त्याच्या डोळ्यांदेखत आत गेली. त्याने दुसरा कोट घेतला. त्याचीही तीच गत. तिसऱ्याला हात लावायचा त्याला धीर झाला नाही.

"अगं," त्याने बायकोला हाक मारली. "जरा इकडे ये. आणि दार लोटून ये."

धाकटी काजं करता करता उठून आली. या घरात ती धाकटी सून म्हणून आली होती. थोरली सून वारूनही बरीच वर्षं लोटली, पण हिचं नाव धाकटीच राहिलं. तिने बाही उचलून बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं.

"पाणी दाखवलं नव्हतंत?"

"बँडमास्तर डोक्यावर बसला होता. म्हटलं, गिरणीतून आटूनच येत असेल हल्ली."

"म्हटलं! तुमच्या या 'म्हटलं'ला आता लोकांचे हात आखूड करावे लागणार. आक्का कापणीला असत्या तर..."

"आक्का असती तर हे झालंच नसतं, ते मलाही कळतं. तिच्या कानावर जाता कामा नये. आज तर नाहीच."

आज नाहीच, कारण आज दादा यायचा होता.

तिन्ही भावंडांत आक्का सगळ्यांत मोठी. वडिलांच्या, नानांच्या मागे कात्री तिच्या हातात आली ती आलीच. माप आणि कापणी आक्काची, शिलाई मास्तरची, काजं-बटणं-अस्तर धाकटीचं, अशी या दुकानाची घडी बसलेली. दादा मधला. शिकून इंजिनियर झाला, पूल बांधत फिरला, आता दुसऱ्या शहरात निवृत्त होऊन एकटाच राहत होता. आणि आक्काच्या पोटात, अगदी खाली, गुदाशयात, गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, गाठ मोठी आहे, बाजूच्या ग्रंथींपर्यंत पोहोचली आहे, पण हाताबाहेर गेलेली नाही. आधी किरणांचा शेक आणि जोडीला गोळ्या. मग शिरेतून किमो, ठरावीक अंतराने. मग फोटो काढून बघायचं. शस्त्रक्रिया सगळ्यांत शेवटी.

शेक संपला होता. किमो निम्मी झाली होती. आणि दादाला हे शेवटी-शेवटी काही पटत नव्हतं. त्याने आपल्या शहरातला एक मोठा सर्जन गाठला होता. तो म्हणे, आणा, लगेच कापून काढतो. उद्या सकाळी गाडी घेऊन दादा आक्काला नेणार होता. फोनवर मास्तर त्याला "हो, दादा" म्हणून बसला होता. त्यालाही वाटत होतं, एकदाचं काय ते काढून टाकावं, आक्का घरी यावी, टेबलापाशी उभी राहावी, आणि सगळं पुन्हा होतं तसं व्हावं.

आता आक्रसलेली बाही हातात धरून तो उभा होता, आणि ते "हो, दादा" त्याला टाचणीसारखं टोचत होतं.

*

आक्का उतरत्या उन्हाबरोबर माडीवरून खाली आली. अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल, हातांत लोकरीचे मोजे. किमोनंतर गार वस्तू तिला सोसत नव्हती. गार पाण्याचा घोट घेतला तर घशात काटे उभे राहत, लोखंडाला हात लागला तर बोटांत विंचू चढत. घरातली सगळ्यांत उबदार जागा म्हणजे कापणीची खोली, इस्त्रीमुळे. म्हणून ती इथे येऊन बसायची, आपण कामाला आलो आहोत अशा थाटात.

धाकटीने खुर्ची इस्त्रीजवळ सरकवली. मास्तरने कोट केव्हाच कपाटात कोंबले होते, पण टेबलावर उरलेल्या काळ्या कापडाचं ठाण तसंच राहिलं होतं.

"हे बँडवाल्यांचं ना?" आक्काने विचारलं. "वाजवतात बेसूर, पण कोट झकास लागतात त्यांना. पाणी दाखवलंस का रे?"

मास्तर दोरा ओवत होता. त्याने मान वर केली नाही.

"दाखवलं ना. न दाखवून कसं चालेल?"

आक्काने उजव्या हातातला मोजा काढला. धाकटीचा श्वास अडकला. आता कळणार. आक्का डोळे मिटून कापडावरून बोटं फिरवायची आणि सांगायची, हे आटलंय, हे नाही, हे आटवणाऱ्याने घाईघाईत वाळवलंय. काळं कापड डोळ्यांना फसवतं, बोटांना नाही, हे वाक्य नानांचं, आणि नानांनंतर तिचं. एकदा एका व्यापाऱ्याच्या तोंडावर तिने ठाण परत केलं होतं, नुसती करंगळी लावून.

आक्काने डोळे मिटले. कोऱ्या, तहानेल्या कापडावरून तिची बोटं गेली, परत आली.

"छान आटलंय," ती म्हणाली, आणि मोजा चढवला.

मास्तरने सुटल्यासारखा श्वास सोडला. धाकटीचा मात्र तिथेच राहिला.

तिने आक्काच्या हाताकडे बघितलं, आणि गेल्या कितीतरी दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. कढत पेला हातात धरून आक्का नुसतीच बसली होती, चटका बसला तरी कळलं नव्हतं. ब्लाउज सोडून ती हल्ली डोक्यातून घालायचा सैल अंगरखा घालत होती. "सैल बरं वाटतं गं," म्हणाली होती. धाकटीने तेव्हा मान डोलावली होती. रोज सकाळी ती नानांची मोठी कात्री फलाटीनच्या मऊ, उबदार कापडात गुंडाळून इस्त्रीच्या कडेला ठेवायची, आक्काला कधी धरावीशी वाटलीच तर गार लागू नये म्हणून. आक्का रोज त्या गुंडाळीकडे बघायची आणि म्हणायची, "आज नको. उद्या बघू."

बोलावं का? पण काय म्हणून बोलायचं? आक्काच्या आजारपणात धाकटी कापणी शिकत होती, लपूनछपून, रद्दी कागदांवर. सगळ्यांना ते ठाऊक होतं. आज तिने तोंड उघडलं की आक्कांची बोटं गेली, तर उद्या लोक म्हणतील, कात्रीवर डोळा होता हिचा. लोक कशाला, आक्काच म्हणतील.

तिने काजाचं कापड पुन्हा मांडीवर ओढलं.

*

दादा आला तो दारातूनच बोलत आला. "गाडी सांगितली आहे उद्याची. मागच्या सीटवर उशा टाकायच्या. आक्का, तू आडवी पडून चल."

"ये, इंजिनियरसाहेब," आक्का म्हणाली. "आडवी कशाला? मी काय गाठोडं आहे? बस आधी. धाकटे, याला चहा दे, म्हणजे तेवढा वेळ तोंड बंद राहील."

दादा हसला नाही. त्याने बसल्या बसल्या खोली बघून घेतली. तीच खोली. याच टेबलाखाली तो लहानपणी चिंध्यांच्या ढिगात झोपायचा, आणि वर मशीन चालवत आई गुणगुणायची:

*सुई पुढे पुढे धावे, दोरा मागे मागे येतो,*
*भाऊ निघे परगावा, बहिणीचा दोरा होतो.*

त्या वेळी त्याला ते नुसतं मशीनच्या तालावरचं गाणं वाटायचं. पुढे तो शिकायला निघाला तेव्हा आक्काने त्याचे कोट कापले, फीपुरते लोकांचेही कापले, आणि स्वतः टेबलाच्या या बाजूलाच राहिली. आज तिचा चेहरा कणकेसारखा पांढरा होता. दोरा किती ताणायचा, माणसाने?

"हे बघ आक्का, मी सरळ बोलतो. घरात साप निघाला तर आपण आधी काठी मारतो. त्याला शेकत बसत नाही."

"साप नाही रे तो. गाठ आहे. आणि चिकटून बसली आहे भिंतीला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. आत्ता कापली तर काठ स्वच्छ मिळायचे नाहीत, थोडी मागे राहील, पुन्हा उगवेल. शेकाने, औषधाने आक्रसली की भोवतीने मोकळी कापता येते. आणि कुठे दूर एखादा कण उडाला असेल, तर तिथे सुरी पोहोचत नाही. औषध पोहोचतं."

"तुला कागदावर काढून दाखवलं की सगळं पटतं."

"कागदावरच तर कापते मी जन्मभर." आक्का हसली. "शिवाय त्या म्हणाल्या, गाठ पुरेशी आटली तर खालची वाट कदाचित वाचवताही येईल. कायमची पिशवी पोटाला लावावी लागणार नाही. कदाचित म्हणाल्या. खोटा शब्द दिला नाही त्यांनी. म्हणून तर बाई आवडतात मला."

"आणि तोवर ती पसरली तर? मास्तर, तू बोल ना. फोनवर तर 'हो, दादा' म्हणालास."

मास्तरने सुई कापडात खोचून ठेवली. "म्हणालो होतो."

"म्हणजे? आता नाही?"

"मी... मला नाही कळत, दादा. मला वाटतं, थांबावं."

"थांबावं!" दादाने कप इतक्या जोरात ठेवला की बशी खणखणली. "सकाळी एक, संध्याकाळी एक. तुझं नेहमीचंच आहे. जिकडे पारडं जड तिकडे मास्तर."

"अहो दादा," धाकटी म्हणाली, "त्यांना बोलू नका. निम्मं औषध घेऊन झालं आहे आक्कांचं. रक्त जायचं थांबलं, दुखणं कमी झालं. मधल्या तपासणीत गाठ कमीच दिसली."

"तू तरी शहाणपण शिकवू नकोस गं. थांबू या, बघू या! हेच ऐकलं होतं मी. हेच शब्द." दादाचा आवाज एकदम खाली आला. "पोटात दुखतंय म्हणत होती ती. डॉक्टर म्हणाले, थांबू, बघू. मी म्हटलं, ठीक आहे. मी पुलाच्या कामावर निघून गेलो. परत आलो तेव्हा बघायला काय उरलं होतं?"

 थोरलीचा, दादाच्या बायकोचा, विषय या घरात इतक्या वर्षांत निघाला नव्हता, आणि निघाला तो असा, थंड होत चाललेल्या चहाच्या कपापाशी. रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. इस्त्रीने आपल्याआपणच एक उसासा टाकला.

आक्का उठली. खुर्चीला धरून, टेबलाला धरून दादापर्यंत आली आणि मोजा घातलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला, तो चिंध्यांत झोपायचा तेव्हा ठेवायची तसा.

"तिच्या वेळी नुसतंच थांबले रे ते. हातावर हात ठेवून. माझ्या वेळी कोणी थांबलेलं नाही. रोज काम चालू आहे आत."

"मला थांबणं म्हटलं की तीच दिसते, आक्का. मी काय करू?"

*

तेव्हा मास्तर उठला. कपाट उघडलं, काळा कोट बाहेर काढला आणि टेबलावर दोघांच्या मधे पसरला. दोन्ही बाह्या मनगटाच्या कितीतरी अलीकडे संपत होत्या.

"दादा, घाई काय करते, ते बघ. मी केली. आक्का नाही, ऑर्डर अंगावर, म्हटलं कशाला आटवत बसू. धडाधड कापलं. शिवलं तेव्हा अगदी मापात होतं. इस्त्रीची वाफ लागली आणि गेलं. आता हे ना धड मोठ्याला होत, ना पोराला. कात्री एकदा चालली की परत जोडता येत नाही, दादा. पाणी केव्हाही पाजता येतं." तो आक्काकडे वळला. "मघाशी तुझ्याशी खोटं बोललो. पाणी दाखवलं नव्हतं. माफ कर."

दादाने बाही हातात घेतली. उलटी-सुलटी केली. पूल बांधणाऱ्या माणसाला माप चुकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. 

"हे त्याच कापडाचं?" त्याने विचारलं, टेबलावरच्या ठाणाकडे बोट दाखवत.

"त्याच," मास्तर म्हणाला.

"पण मग..." बोलता बोलता तो थांबला. त्याला आत्ता कुठे लक्षात येत होतं. "आक्का, तू तर म्हणालीस, छान आटलंय."

आक्का जागेवर उभी होती. तिने ठाणाकडे बघितलं, कोटाकडे बघितलं. आपल्याच हाताने घातलेला टाका आपल्याच डोळ्यांसमोर उसवावा, तसं झालं.

"मला वाचवायला म्हणालीस?" मास्तरने विचारलं. "माझी चूक कळली, आणि झाकलीस?"

किती सोपं होतं. नुसतं "हो" म्हणायचं. भावाचा मान राहिला असता, तिचाही. जन्मभर तिने हेच तर केलं होतं. कोणाचा खांदा उतरलेला, कोणाला पोक, कोणाचा एक हात आखूड. माप घेताना तिला सगळं कळायचं, आणि ती कापडात असं काही मिसळून टाकायची की आरशाला पत्ता लागू नये. स्वतःचं उणं झाकायला किती कापड लागणार होतं?

"आक्का," धाकटी म्हणाली. ती उठून जवळ आली होती.  "तुम्हाला कळलंच नाही ना? मघाशी?"

आक्काने तिच्याकडे बघितलं. धाकटीच्या हातात फलाटीनची गुंडाळी होती. आत कात्री, ऊबदार. ती दोन्ही हातांनी धरून उभी होती, घेऊन जायला नव्हे, द्यायला.

"तू रोज तापवून ठेवतेस ना ही?" आक्का म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, ही तूच घेशील एक दिवस."

"शिकतेय मी. पण घेणार नाही. तुमच्या हातून मिळेल तेव्हा घेईन."

आक्का खुर्चीत बसली. दोन्ही हातांतले मोजे काढले, सावकाश, एकेक बोट सोडवत, आणि हात टेबलावर उताणे ठेवले. इतक्या वर्षांत ते असे रिकामे कोणी बघितले नव्हते.

"नाही कळलं," ती म्हणाली. "तू दाखवलं म्हणालास, म्हणून मी छान म्हटलं. मला कापड लागत नाही बोटांना. लोकर काय, रेशीम काय, हे टेबलाचं लाकूड काय, सगळं एकच. आधी औषधानंतर चार दिवस मुंग्या यायच्या आणि जायच्या. आता जातच नाहीत."

"डॉक्टरांना सांगितलंस?" दादाने विचारलं.

"नाही."

"अगं, पण त्या विचारत नाहीत?"

"दर वेळी विचारतात. बोटं कशी आहेत, शर्टाचं बटण लावता येतं का. मी म्हणते, बाई, बटणं लावण्यातच तर जन्म गेला माझा. त्या हसतात. मीही हसते. मग सुई लावतात."

"पण का, आक्का?" मास्तर जवळजवळ ओरडला.

"कारण सांगितलं तर औषध बंद करतील असं वाटलं. बंद केलं तर हा," तिने दादाकडे मान केली, "म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हतो. आणि मला उचलून नेईल. आणि नाही बंद केलं, तर बोटं जाणार. मग या घरात मी कोण? जेवायच्या वेळी हाक मारायची आणि उन्हात खुर्ची टाकून द्यायची, ती कोणी म्हातारी?" तिने मोजे बाजूला सारले. "दोन्हींची भीती वाटते रे मला. रोज वाटते. गाठीची वाटते आणि बोटांचीही वाटते. मला जगायचंय, आणि मला कापायचंही आहे. नानांच्या पोरीला भीती वाटते हे कोणाला सांगायचं, ते कळत नव्हतं."

दादाने आपली खुर्ची पुढे ओढली. बहिणीचे ते उताणे हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतले, आणि तिला त्याचा स्पर्श कळतोय की नाही हे न विचारताच धरून राहिला. त्याने विचारलं, "मग उद्याच्या गाडीचं काय करू? परत पाठवू?"

"येऊ दे गाडी." आक्काने धाकटीकडे बघितलं आणि अंगरख्याच्या गळ्याशी हात नेला, जिथे बटण असायला हवं होतं तिथे. "आपल्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. औषधाचं माप बदलायचं तर बदलू देत, क्रम मोडायचा नाही. तू पण चल गं धाकटे. मी पुन्हा हसून वेळ मारून न्यायला लागले, तर तू सांग त्यांना."

"काय सांगू, आक्का?"

"सांग, हिला बटण लावता येत नाही." मग तिने मान हलवली. "नको. मीच सांगते. मला बटण लावता येत नाही."